मोटारीतल्या पेटीला थंडी भरली

माझ्या लग्नात माझी शाल ग्रामोफोनने पांघरली होती.

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा उच्चारलंय की आता मला त्यात काही विशेष वाटत नाही. ऐकणारा मात्र दर वेळी "म्हणजे?" म्हणून पुढे सरकून बसतो आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगतो. दुसरा इलाज नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. आम्ही कोरीटचे आणि मुलगी तळोद्याची. मधे तापी. मुलीच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, हुंड्यापांड्याची भाषा केली नाही, मानपानाचा हट्ट धरला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की वरात वाजतगाजत आली पाहिजे. एकुलती एक मुलगी, सगळं तळोदं बघायला उभं राहणार, तेव्हा नवरदेव मुकाट्याने येऊन उभा राहिलेला चालणार नाही.

"वरात वाजतगाजतच ई," असं आबा, म्हणजे माझे वडील, छातीवर हात मारून सांगून आले. येताना त्यांनी नंदुरबारला वाजंत्रीवाल्यांना विड्याचं पानही दिलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग सुरतेहून फुवा आले. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते सुरतेला कापडाच्या पेढीवर होते आणि जगात जे जे नवीन निघेल ते आधी सुरतेला येतं आणि नंतर विलायतेला जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती. या खेपेला त्यांनी ग्रामोफोन आणला होता. पितळी कर्णा, सागवानी पेटी, बाजूला चावी, आणि कागदी पाकिटात जपून ठेवलेल्या काळ्या तबकड्या. ओसरीवर त्यांनी पेटीला चावी दिली, तबकडीवर सुई ठेवली, आणि कर्ण्यातून एक बाई इतक्या गोड आवाजात गायला लागल्या की आबांचा हुक्का विझला.

"आबासाहेब," फुवा म्हणाले, "वाजंत्री कोणीही आणतं. तुम्ही मोटार आणा. मोटारीत ही पेटी. नवरदेव येतोय आणि मोटारच गातेय! तळोद्यात असं कोणी पाहिलं नसेल."

तळोद्यात तोवर मोटारही फारशी कोणी पाहिली नव्हती. आबांनी दुसऱ्याच दिवशी वाजंत्रीवाल्यांना नको म्हणून निरोप धाडला आणि नंदुरबारच्या गफूरभाईंची मोटार सांगितली. (मला कोणी विचारलं नाही. नवरदेवाला विचारायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नव्हती. आता आहे म्हणतात. असू दे.)

लग्न माघातलं. मुहूर्त सकाळचा. वऱ्हाडाच्या गाड्या आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. पहाटे मोटारीत आम्ही चौघे: पुढे गफूरभाई आणि आबा, मागे फुवा आणि मी. पाचवी ती पेटी. रस्ता खडबडीत, आदळआपट झाली तर सुई उडेल, म्हणून फुवांनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली. चावी द्यायचं कामही माझ्याकडेच आलं, कारण फुवांच्या खांद्यात उसण भरली होती. (खांदा कुठला, डावा की उजवा, हे दिवसभर बदलत होतं.)

सातपुड्याकडून असा वारा सुटला होता की मोटारीचा कापडी टप फडफडून टाळ्या वाजवत होता. गफूरभाईंनी पुढे वाकून हँडल मारलं. मोटार खोकली आणि गप्प झाली. पुन्हा मारलं. पुन्हा खोकली. अर्धं कोरीट शेकोट्या सोडून ढकलायला आलं तेव्हा कुठे ती सुरू झाली.

"लाव रे गाणं," आबा म्हणाले. "गावले ऐकू दे."

मी मांडीवरच्या पेटीला चावी दिली. चावी कशीबशी फिरली. फुवांनी सुई ठेवली. आणि कर्ण्यातून एक आवाज आला. काय सांगू! कालपर्यंत ज्या बाई गोड गात होत्या, त्यांना रात्रीत मिशा फुटल्या होत्या!

"आ... लाऽऽऽ... गंऽऽऽ... बाऽऽऽ... ईऽऽऽ..."

आबा मागे वळले. "हाई बाई गाई ऱ्हायनी का बुवा?"

"बाईच," फुवा म्हणाले. "थंडीने जरा घसा धरलाय."

गफूरभाई म्हणाले, "मेरी मोटार का भी यही हाल है. दोनों बहनें दिखती हैं."

आत स्प्रिंगला लावलेलं ग्रीस गारठून डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि तबकडी चिखलातल्या रेड्यासारखी फिरत होती. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या पहाटे मला एवढंच कळत होतं, की मी जितकी चावी देतोय तितका माझा हात गळून चाललाय आणि बाई काही सुधारत नाहीत.

तापीवर आलो तेव्हा पाण्यावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा काठ आहे की नाही हेच समजेना. पायउताराच्या जागी पाणी गुडघाभर. गफूरभाईंनी यंत्र बंद केलं आणि मोटारीला काठावरच्या एका गाडीवानाची बैलजोडी जुंपली. नदीच्या मधोमध एक बैल थांबला, त्याने थंड पाण्यात पाय हलवले आणि माझ्या रेशमी कोटावर तापीचं निम्मं तीर्थ उडवलं. मी शाल गळ्याभोवती घट्ट ओढली.

तेवढ्यात फुवा ओरडले, "पेटी भिजेल! आधीच तिला थंडी भरलीय!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. बाप आपल्याकडे तसं पाहायला लागला की निकाल काय लागणार ते मुलाला आधीच समजतं.

"शाल काढ, पेटीवर टाक," आबा म्हणाले.

"आबा, मी भिजलोय."

"तू जुवान शेस. तुले काय व्हस?"

मी शाल काढली. फुवांनी ती पेटीभोवती गुंडाळली, कर्ण्याभोवती एक वेढा घेतला आणि टोक आत खोचलं. कर्ण्यासकट ती पेटी आता अगदी गुबगुबीत, सुखवस्तू घरातल्या बाळंतिणीसारखी दिसत होती. तिच्याखाली मी. माझे दात वाजत होते. दुसरं काही वाजत नसल्यामुळे गफूरभाईंनी त्यावर मान डोलावली.

पलीकडच्या काठावर कुणीतरी शेकोटी पेटवली होती. आबांनी मोटार थांबवली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी हात चोळत उतरलो, तर फुवा पेटी घेऊन माझ्याआधी शेकोटीजवळ! त्यांनी तिला चारी बाजूंनी शेक दिला. झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "तेल पाहिजे."

सोबत तेल एकच होतं, लग्नविधीसाठी आणलेलं, तिळाचं. आबा जरा घुटमळले. पण तळोदं आता जवळ होतं आणि तात्यांना दिलेला शब्द त्याहून जवळ. त्यांनी वाटी पुढे केली आणि फुवांनी ती पेटीच्या पोटात ओतली. थेंबभर नव्हे. वाटी!

शाल तिला, शेक तिला, तेल तिला. आता हळद लावली असती तर मला परत कोरीटला जायला हरकत नव्हती.

"फुवा, इतकं तेल नको होतं," असं मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. तोंडातून "फू..." एवढाच वारा निघाला. कोणाचं लक्ष गेलं नाही. मी नाद सोडला. सकाळपासून मी जे जे म्हणालो होतो त्याचाही असाच वारा झाला होता, मग आवाज असला काय आणि नसला काय!

तळोद्याच्या शिवेवर सगळं गाव लोटलं होतं. आमचं वऱ्हाड एका बाजूला, मुलीकडची मंडळी दुसऱ्या बाजूला, पुढे आरत्या घेतलेल्या बायका. त्यांच्यात मुलीची आत्या, भरभक्कम, आवाजही तसाच. तात्या फेटा बांधून मधोमध, पाठीत काठी घातल्यासारखे ताठ. मोटार पाहून पोराटोरांनी कल्ला केला. आबांचा चेहरा उजळला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"वाजंत्री कोठे शेतस?" तात्यांनी विचारलं.

"ऐका फक्त," आबा म्हणाले आणि फुवांना खूण केली.

मी शाल जरा सैल करून चावी दिली. फुवांनी सुई ठेवली. पण नदीपासून इथवर वाऱ्यात येताना शेकोटीची ऊब केव्हाच उडून गेली होती. कर्ण्यातून आवाज निघाला तो गाण्याचा नव्हताच. तो एक लांबलचक, खोल, पोटातून आलेला हुंदका होता.

"आऽऽऽऽ... लाऽऽऽऽ... गंऽऽऽऽ..."

आरत्या थबकल्या. "माय वं!" मुलीची आत्या म्हणाली. "कोन मरी गयं?"

रस्त्याच्या कडेला एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन उभे होते. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि मान खाली घातली. आता वरात निघणं भागच होतं. ती निघाली. आणि माणसाचे पाय वाजेल त्या तालावर पडतात, याला कोणाचा इलाज नाही. सगळं वऱ्हाड एकेक पाऊल ओढत, खाली बघत, मोटारीमागून चालू लागलं. वाटेत एका दुकानदाराने तर अर्धी फळी ओढून घेतली!

"फुवा, काही करा!" आबा दबक्या आवाजात म्हणाले.

फुवांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर मोटारीच्या बॉनेटवर गेली. बॉनेट तापून वाफाळत होतं. त्यांनी माझ्या मांडीवरची पेटी उचलली (उसण भरलेल्या खांद्याने!) आणि चालत्या मोटारीशेजारून धावत जाऊन ती बॉनेटवर ठेवली. स्वतः बाजूने धरून चालू लागले.

"अरे, मुझे रास्ता नहीं दिखता!" गफूरभाई ओरडले.

"सरळच आहे!" फुवा ओरडले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग बाईंचा आवाज हळूहळू वर चढू लागला. रेडा गेला, बुवा आले. बुवा गेले, बाई आल्या. एक क्षणभर, खरंच सांगतो, एक क्षणभर ते गाणं तसंच गोड वाजलं जसं ओसरीवर वाजलं होतं. आबांनी डोळे मिटले. वऱ्हाडाने मान वर केली. बायका हसल्या. लग्न तेवढ्यातच लावून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

पण तेल! वाटीभर तेल आता पातळ होऊन जिथे जाऊ नये तिथे गेलं होतं. तबकडीचा वेग धरून ठेवणारं जे काही आत होतं ते घसरलं, आणि बाई पुढे धावत सुटल्या. आधी लगबग, मग घाई, मग चिवचिव, मग उंदराची पिल्लं! "आलागंबाईआलागंबाई" करत सगळं कडवं एका श्वासात! आणि वऱ्हाड? ते तालावर होतं. पुढचे दुडक्या चालीने निघाले, मागचे त्यांना गाठायला धावले, आमचे एक जाडगेले काका धोतराचा सोगा धरून असे पळाले की मुलीच्या मांडवाच्याही पुढे निघून गेले. त्यांना परत आणायला माणूस पाठवावा लागला.

अशा रीतीने आमची वरात, गावाच्या वेशीवर मयतासारखी सुरू झालेली, मांडवाच्या दारात दरोड्यासारखी येऊन थडकली.

गफूरभाईंनी करकचून मोटार थांबवली. फुवांनी पेटी पकडली, पण बॉनेटच्या धगीने तबकडी पापडासारखी वाकली होती. सुई एक चढ चढली, एक उतार उतरली आणि एका जागी अडकली. दुसरं कडवं सासरी निघालेल्या मुलीची समजूत घालणारं होतं, "नको गं रडू" असं काहीतरी. पण "रडू"पर्यंत सुई पोचलीच नाही.

"नको गं! नको गं! नको गं! नको गं!"

नवरदेवाची मोटार मुलीच्या दारात उभी राहून ओरडत होती, आणि सगळं तळोदं ऐकत होतं.

तात्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "काय म्हनी ऱ्हायनात हाई? पोर नको शे तुम्हले?"

"नाही, नाही!" आबा म्हणाले.

"नको गं! नको गं!" पेटी म्हणाली.

"बंद कर!" आबा फुवांवर ओरडले. फुवांनी घाबरून हाताने तबकडी दाबली. आत काहीतरी कण्हलं आणि "फट्ट!" करून स्प्रिंग तुटली. इतका मोठा आवाज झाला की आत्याबाईंच्या हातातलं ताट खाली आलं आणि गफूरभाई मोटारीखाली चाक पाहायला गेले.

 

तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी ओल्या कोटात, बाशिंग एका कानावर, हाताला चावी देऊन देऊन फोड आलेला. मला खरंतर कुठेतरी बसायचं होतं. कोणी गरम पाणी दिलं असतं तर त्याच्याशीही मी लग्न केलं असतं.

"नवरदेव," तात्या म्हणाले, "आते तुम्हीच सांगा. लगन करनं शे का नही?"

सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी मला काही विचारत होतं! मी पुढे झालो. मनात चांगलं वाक्य जुळवलं. छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि...

"घर्रर्र."

तात्या थक्क झाले. मी पुन्हा प्रयत्न केला. "खर्रर्र... फूऽ."

"माय वं!" आत्याबाई किंचाळल्या. "नवरदेव मुका शे!"

मांडवात एकच गोंधळ उडाला. "मुका पोऱ्या गळामा बांधी ऱ्हायनात!" "म्हनीसन तो बाजा आनेल शे! पोऱ्यानं मुकेपन झाकाले!" आणि हे इतकं तर्कशुद्ध होतं की मला स्वतःलाही क्षणभर पटलं.

"मुका नही!" आबा गर्दीत फिरून ज्याला त्याला सांगत होते. "भलता बोलस! घरमा कोनले बोलू देस नही! थंडीमा गळा बसना त्याना!"

"कालपर्यंत अगदी चांगला बोलत होता," फुवा मदतीला धावले. "पेटीसुद्धा कालपर्यंत चांगली होती."

फुवांच्या या वाक्याने जे दोन-चार लोक आमच्या बाजूचे होते तेही गेले. तात्यांनी फेट्याला हात घातला. फेटा उतरला असता तर लग्न मोडलंच. आबांकडे मी पाहिलं. सकाळी छाती काढून मोटारीत बसलेला माणूस मांडवाच्या खांबाला टेकला होता आणि त्याचे ओठ थरथरत होते. थंडीने नव्हे. मला पहिल्यांदाच भीती वाटली. मी त्यांना हाक मारायला गेलो, तर तेही जमेना. जन्मभर नको तिथे बोललो, आणि नेमका तेव्हा मुका!

तेवढ्यात घरातून कोणीतरी आत्याबाईंना आत बोलावलं. त्या गेल्या आणि जरा वेळाने गोंधळलेल्या चेहऱ्याने बाहेर आल्या.

"दादा," त्या तात्यांना म्हणाल्या, "पोर काय म्हनस आयका. ती म्हनस, मुका ऱ्हायना तरी चाली. त्यासले ऐकू येस का, इतलंच इचारा."

 मग मागून एका बाईला हसू फुटलं. दुसरीला फुटलं. तात्यांच्या मिशा थरथरल्या. त्यांनी मला विचारलं, "ऐकू येस का?"

मी मान हलवली. आयुष्यात कधी हलवली नव्हती इतक्या जोरात हलवली. बाशिंग सुटून थेट आरतीच्या ताटात पडलं, आणि सगळा मांडव खो खो हसला. आबाही. खांबाला टेकूनच, पण हसले. आतून माझ्यासाठी सुंठ घातलेलं गरम पाणी आलं, पितळी पेल्यात, काठोकाठ. ते कोणी पाठवलं ते कोणी सांगितलं नाही, आणि मला विचारता येत नव्हतं.

बाजा नव्हता, म्हणून बायकांनी लग्नाची गाणी म्हटली. थंडीने त्यांचेही आवाज जरा चिरकत होते, पण त्यांना चावी द्यावी लागली नाही. मुहूर्त थोडा टळला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीला, द्वारकेला, मी पहिल्यांदा पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, मोटारीच्या बॉनेटवर शाल गुंडाळून बसलेल्या त्या पेटीकडे बघत होती आणि हसू दाबता दाबता तिच्या मुंडावळ्या हलत होत्या.

माझा आवाज पुढे बरेच दिवस आलाच नाही. कोरीटला घरात मी खुणेने पाणी मागत असे आणि द्वारका न कुरकुरता देत असे. तळोद्यात मात्र बातमी पसरायची ती पसरलीच होती. तात्यांचा जावई मुका, पण गरीब स्वभावाचा. सासूबाईंनी म्हणे माझ्यासाठी नवस बोलला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, द्वारका माहेरी गेली आणि तिला परत आणायला मी तळोद्याला गेलो. उन्हाळ्याने घसा खडखडीत मोकळा झाला होता. ओसरीवर बसलो आणि "राम राम, तात्या!" म्हणालो. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. आत्याबाई दारात आल्या. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि देवापुढे नारळ ठेवायला पळाल्या. इतक्या कौतुकाने माझं बोलणं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं, त्यानंतर तर नाहीच. मग मीही मागेपुढे पाहिलं नाही. कापसाच्या पिकाबद्दल बोललो, नंदुरबारच्या मिरचीबाजाराबद्दल बोललो, मोटारीत काय सुधारणा हव्यात ते सांगितलं, गारठ्यात ग्रामोफोन कसा जपावा तेही सविस्तर समजावलं. तात्या आधी पुढे झुकून ऐकत होते. मग भिंतीला टेकले. मग त्यांनी तक्क्या घेतला. पत्रावळी मांडल्या गेल्या, आमरस आला, मी बोलतच होतो.

शेवटी तात्या उठले, आत गेले, आणि सासूबाईंना दमलेल्या आवाजात म्हणाले ते मला ओसरीवर स्वच्छ ऐकू आलं:

"मुका व्हता तोच बरा व्हता."